कडेचा हिशेब

कुठल्याही वस्तूचा मधला भाग करणं सोपं असतं; कड करणं अवघड. हे विधान मी मोठ्या अधिकारानं करतो आहे, कारण आजवर मी स्वतःच्या हातानं ना कशाचा मध्य केला, ना कड. करणाऱ्याला तत्त्वज्ञान सुचायला वेळ नसतो. ते बघणाऱ्याला सुचतं. पण तुम्हीच पाहा. भाकरी मधोमध कुणालाही थापता येते, कडेला ती चिरू लागली म्हणजे खरी परीक्षा. भाषण मधे कितीही लांबवता येतं, ते संपवायचं कसं हे कळत नाही म्हणून तर माणसं आणखी अर्धा तास बोलतात. पाहुण्यांशी दिवाणखान्यात गप्पा मारणं सोपं. ते उंबऱ्यावर उभे राहून "बरंय, येतो मग" म्हणाल्यावर जी पाऊण तास नवी बैठक सुरू होते, ती आवरणं अवघड.

आपल्या भाषेलाही हे फार पूर्वी उमगलेलं दिसतं. पोराला आपण कडेवर घेतो, भांडणात कुणाची तरी कड घेतो, काम कडेला लावतो, परीक्षेत काठावर पास होतो आणि सगळं असह्य झालं की कडेलोट झाला म्हणतो. ज्याला कुणाचीच कड घ्यायची नसते तो स्वतःला तटस्थ म्हणवून घेतो; पण तट म्हणजे तरी काय? काठच! म्हणजे कड चुकवायला निघालेला माणूसही शेवटी कडेवरच जाऊन उभा राहतो. फक्त हात कोरडे ठेवून.

एवढा कडेचा विचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती माझ्या पुतण्यामुळे. तो बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. दिवसभर यंत्रांबरोबर राहून माणूस संध्याकाळी यंत्रांना कंटाळेल असा माझा समज होता. पण मिठाईच्या दुकानातले लोक गोड खाऊन कंटाळतात, यंत्रांचं तसं होत नसावं. एके दिवशी त्यानं जाहीर केलं की आपल्या सोसायटीच्या सभागृहात मुलांसाठी व्हिडिओ गेमचं उभं मशीन बसवायचं, आणि ते विकत न आणता घरी बनवायचं. १९८० आणि ९०च्या दशकांत गावोगावच्या पार्लरमध्ये असायचं तसं! वर चमकणारी पाटी, मधे पडदा, खाली दांडी आणि रंगीत बटणं. पूर्वी त्यात जाडजूड सर्किट असे. आता तळहाताएवढा एक संगणक पुरतो. त्याचं नाव 'रास्पबेरी पाय'. हे ऐकून आमची ही म्हणाली, "एकच पाय? मग उभं कसं राहणार?"

उभं राहण्यासाठी कपाट लागणार होतं, आणि त्या निमित्तानं पुतण्यानं मला या कपाटांचा इतिहास ऐकवला. असलं पहिलं विक्रीचं मशीन अमेरिकेत १९७१ साली निघालं, 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचं. त्याचं अंग फायबरग्लासचं होतं, नारळाच्या करवंटीसारखं गोल वळणांचं. म्हणजे त्याला कड अशी नव्हतीच. धंदा मात्र त्यानं बेताचाच केला. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, त्याच मंडळींनी 'अटारी' कंपनीचं 'पाँग' आणलं. कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावच्या एका गुत्त्यात त्याचा पहिला नमुना ठेवला, आणि थोड्याच दिवसांत तो बंद पडला. दुरुस्तीला माणूस गेला तेव्हा कळलं की बिघाड काही नाही; आतला नाण्यांचा डबा काठोकाठ भरून सांडला आहे. आजारपणाचं इतकं गोड कारण मी दुसरं ऐकलेलं नाही.

पुढे ही कपाटं लाकडी फळ्यांची होऊ लागली, आणि लाकडी फळी आली म्हणजे कड आली. कारखानदारांनी त्यावर उपाय काढला तो प्लास्टिकच्या पट्टीचा. इंग्रजी 'टी' अक्षर आडवं पाडावं तशी ही पट्टी. फळीच्या कडेत मधोमध यंत्रानं एक बारीक खाच पाडायची, 'टी'चं शेपूट त्या खाचेत बसवायचं आणि रबरी हातोडीनं ठोकत न्यायचं. शेपटाला बारीक काटे असतात, ते खाचेत रुतून बसतात. कोपऱ्यावर शेपटाचा त्रिकोणी तुकडा कापून टाकायचा, म्हणजे पट्टी मुकाट वळते. (शेपूट कापल्यावर मुकाट वळणं हा नियम प्लास्टिकपुरताच आहे असं नाही.) १९८०च्या सुप्रसिद्ध 'पॅक-मॅन'च्या कपाटाची कथा तर आणखी मजेची. जपानात त्या खेळाचं नाव 'पक-मॅन' होतं. अमेरिकेत नेताना तिथल्या मंडळींना धास्ती पडली, की टारगट पोरांनी 'पी' या अक्षराची एक कड खरवडली तर त्याचं 'एफ' होईल, आणि मग जे नाव तयार होईल ते लहान मुलांच्या मशीनवरच काय, मोठ्यांच्या तोंडीही शोभणार नाही. म्हणून नावच बदललं. एका अक्षराच्या कडेनं एका जगप्रसिद्ध खेळाचं बारसं पुन्हा करायला लावलं!

आमच्या कपाटासाठी पाऊण इंची प्लायवूड आलं, आणि ते कापायला मिस्त्री आले. मिस्त्री मूळचे इंदापूर तालुक्यातले. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते तोंडातल्या चुका सांभाळून. चुका म्हणजे सुताराचे ते बिनडोक्याचे बारीक खिळे. आपल्या चुका आपण लपवतो, सुतार त्या ओठांत धरतो. दोन दिवसांत कपाटाच्या दोन्ही बाजू कापून उभ्या राहिल्या. समोरून पाहिलं तर गुळगुळीत, देखण्या. बाजूनं पाहिलं तर प्लायवूडनं आपलं सगळं अंतरंग उघडं केलेलं.

प्लायवूडची गंमत अशी, की ते खरं बोलतं ते फक्त कडेला. पृष्ठभागावर नुसता देखावा. उत्तम लाकडाचा पापुद्रा. कडेला मात्र सगळे थर मोजून घ्यावेत. हे थर एकावर एक चिकटवताना एकाचे तंतू उभे, तर दुसऱ्याचे आडवे ठेवतात, म्हणजे फळी वाकत नाही. आणि थरांची संख्या सहसा विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहतो. उभ्या-आडव्या स्वभावाची माणसं एकत्र चिकटवली की कुटुंब वाकत नाही, हे तत्त्व प्लायवूडच्या कारखानदारांनी बहुधा एखाद्या मराठी एकत्र कुटुंबावरूनच उचललं असावं. तर असे हे थर कडेला दिसतात. कुठे मधेच पोकळी असेल तर तीही दिसते, कुठे कूस निघालेली असते, आणि हात फिरवला की ती बोटात जाते.

या उघड्या कडेचं काय करायचं, यावरून आमच्याकडे तीन पक्ष पडले.

पुतण्याचं म्हणणं, 'टी' पट्टीच लावायची. अस्सल मशीनला तीच होती. ती बारामतीच्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळेना. दुकानदार त्याला दरवेळी टी-कॉक दाखवायचा. मिस्त्रींचं म्हणणं, "पलास्टिक कशाला? सागाची पट्टी मारू. लिपिंग. जन्मभर निघायची न्हाई." तिसरा पक्ष आमच्या शेजारच्या गुरुजींचा. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. गणित शिकवत, आणि अजूनही जगाची वही तपासत असतात. ते फळीजवळ आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते थर न्याहाळले आणि म्हणाले, "ही झाकायची कशाला? प्लायवूड आहे तर प्लायवूड दिसू द्या. वरून सागाची पट्टी मारली म्हणजे बघणाऱ्याला वाटणार, सबंध फळी सागाची. हे असत्य झालं."

झालं! इतका वेळ जो सुतारकामाचा प्रश्न होता तो एकदम नीतिशास्त्राचा झाला.

आणि खरं सांगायचं तर गुरुजींचा मुद्दा मला लागला. कारण माझ्या घरात एक टेबल आहे. एका दुकानातून (नाव घेत नाही, दुकान अजून चालू आहे आणि रस्ता माझ्या रोजच्या फिरण्याचा आहे) ते मी सागवानी म्हणून घेतलं. कडेला चारही बाजूंनी सागाची देखणी पट्टी. तिसऱ्या पावसाळ्यात पट्टी सुटली आणि आतून भुसा दिसला. भुसा म्हणजे अलंकारिक भुसा नव्हे. दाबून बसवलेला खराखुरा लाकडाचा भुसा. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, मी टेबल सागवानी म्हणालो ते फिनिशिंगला." तेव्हापासून सागाची पट्टी दिसली की माझा हात आधी खिशाकडे जातो.

पण मग मला आमच्या आजीची गोधडी आठवते. गोधडीच्या पोटात काय काय असायचं! आजोबांचं विरलेलं धोतर, आत्याचं परकर-पोलकं, कुणाचा तरी फाटका सदरा. आणि या सगळ्या चिंध्यांना चारही बाजूंनी जुन्या लुगड्याच्या काठाचा गोट. तो गोट म्हणजे लबाडी होती का? आतल्या चिंध्या लपवाव्यात असा आजीचा मुळीच हेतू नव्हता. उलट थंडीत पांघरूण अंगावर ओढताना "हे बघ, हे तुझ्या आजोबांचं धोतर" असं ती टाके दाखवून सांगायची. गोट होता तो दोरे सुटू नयेत म्हणून. आणि झोपेत पोराच्या हनुवटीला जे लागतं ते गोधडीचं पोट नसतं, कड असते, म्हणून.

बारामतीत राहून कडेविषयी बोलायचं आणि मोरोपंतांचं नाव घ्यायचं नाही, हे बरं दिसणार नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) जन्मले पन्हाळ्याला, पण बाबूजी नाईकांच्या आश्रयानं त्यांचं आयुष्य गेलं ते इथेच, कऱ्हेच्या काठी. (बघा, कवीही काठावरच!) त्यांच्या आर्या शाळेत पाठ करताना आम्हांला घाम फुटायचा, पण पंतांनी ओळींच्या कडा काय बांधल्यात! यमक म्हणजे ओळीची लिपिंगच की. काही टीकाकार म्हणतात, पंतांनी यमकापायी शब्द ओढूनताणून आणले. आणले असतील. वाकणावर पट्टी बसवायची तर ओढावं-ताणावं लागतंच. पण सव्वादोनशे वर्षांनंतरही आर्या डोक्यातून सुटत नाही, ती या कडेमुळे. मधलं विसरतं, कड राहते.

तर मग सत्य काय? एकच पट्टी, एकच फेविकॉल, त्याच चुका. टेबलाला लावली की फसवणूक आणि गोधडीला लावली की माया? मी हा पेच मिस्त्रींपुढे मांडला. ते पट्टीला मागून करवतीचे बारीक छेद देत होते. कपाटाच्या कपाळाशी जिथे गोलाई होती तिथे सागाची पट्टी सरळ वळेना, म्हणून तिला मागच्या अंगानं थोडं थोडं सैल करत होते. समोरून पाहणाऱ्याला त्या छेदांचा पत्ताही लागणार नव्हता.

"साहेब," ते चुका हातात काढून घेऊन म्हणाले, "आत काय हाय ते तुमाला ठावं हाय का न्हाई?"

"आहे. प्लायवूड."

"मी सांगितलं का न्हाई?"

"सांगितलंत."

"मग झालं की. इचारल्यावर खोटं बोललो तर लबाडी. पट्टी कुनाशी बोलत न्हाई. तिचं काम हाताखाली येनाऱ्याला कूस लागू नये, येवढंच."

एवढं बोलून चुका परत तोंडात गेल्या. म्हणजे सुनावणी संपली. मी बाहेर येऊन विचार करत बसलो. टेबलवाल्याची पट्टी माझ्या डोळ्यांसाठी होती. मिस्त्रींची पट्टी कुणाच्या तरी हातासाठी होती. डोळ्यासाठी केलेली कड आणि हातासाठी केलेली कड दिसायला अगदी एकसारख्या असतात, ही खरी अडचण. निवाडा व्हायचा तो पट्टी सुटल्यावर, किंवा करणाऱ्याला आधी विचारल्यावर. आणि आपण विचारतच नाही. आपण दर विचारतो.

दराची गोष्ट पुढे येणार आहेच. त्याआधी मागची कड.

कपाट भिंतीला टेकून उभं राहणार होतं. साहजिकच कुणीतरी म्हणालं, "मागच्या आणि खालच्या कडेला पट्टी नको. कोण बघतंय?" हा 'कोण बघतंय' आपल्या देशातला फार थोर विचार आहे. शर्टाची इस्त्री कॉलरपुरती, घराचा रंग रस्त्याच्या बाजूनं, अभ्यास परीक्षेपुरता. बाकी कोण बघतंय? यावर नीतीचं उत्तर असं की देव बघतो. पण देवाला हल्ली पुष्कळ कॅमेरे झाल्यामुळे तो सुतारकामात लक्ष घालत असेलसं वाटत नाही. मिस्त्रींचं उत्तर निराळं होतं.

"पानी बघतंय," ते म्हणाले.

आणि ते शब्दशः खरं आहे. प्लायवूडच्या पृष्ठभागातून पाणी सहसा आत जात नाही. ते शिरतं कडेतून. तंतूंची उघडी टोकं ओल ओढून घेतात, थर फुगतात, मग सुटतात. सभागृहाची फरशी रोज ओल्या फडक्यानं पुसणार. भिंतीला पावसाळ्यात ओल येणार. म्हणजे जी कड माणसाला दिसत नाही, नेमकी तीच पाण्याला पहिली दिसते. वाळवीचंही तेच. ती कधी समोरच्या दारानं आल्याचं मी ऐकलेलं नाही.

पाण्याबद्दल मिस्त्रींना बोलण्याचा हक्क आहे. त्यांच्या वडिलांचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. त्याचा जलाशय इतका मोठा, की इंदापूर तालुक्यात उभं राहून पाहिलं तर हा आपला दुष्काळी मुलूख यावर विश्वास बसू नये. साठवण ११७ टीएमसीच्या घरात. आता तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, भिगवणला ते बघायला पुण्याहून मोटारी येतात, आणि पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं दगडी देऊळ बाहेर येतं; तेही बघायला मोटारी येतात. या धरणानं ऊस दिला, वीज दिली, हे सगळं खरंच. मी एकदा मिस्त्रींना विचारलं, "वडिलांना पैसे मिळाले होते का?"

"मिळालं की. घराचं मोजलं, रानाचं मोजलं. बा म्हनायचा, येस न्हाई मोजली."

येस म्हणजे वेस. गावाची कड. लेकी सासरी जाताना जिथवर पोचवायला जातात, पालखी जिथे थांबते, परगावाहून आलेला माणूस जिथे पायताण झटकतो, ती. तिचं क्षेत्रफळ काय धरणार? ते म्हणाले ते तक्रारीच्या सुरात नव्हे. पट्टीवरून बोट फिरवत, मोजमापाची एक अडचण सांगावी तसं. मी मात्र त्या दिवशी पुढे काही विचारलं नाही.

आणि मग बिल आलं.

सुतारकामाचा हिशेब चौरस फुटावर होतो हे तुम्हांला ठाऊक असेलच. आमच्या कपाटाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस फूट भरलं. पण मिस्त्रींच्या चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ होती : 'कडा – ५३ फूट'. त्यातल्या १६ फूट मागच्या आणि खालच्या. खजिनदारांनी ती ओळ पाहिली आणि सोसायटीच्या कार्यकारिणीची सभा बोलावली. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी फुटली तेव्हा सभेला कोरम भरला नव्हता. कडेच्या प्रश्नावर तो अर्ध्या तासात भरला.

खजिनदार म्हणाले, "चौरस फुटाच्या दरात कडा आल्याच. फळी आहे म्हणजे तिला कड असणारच. बिनकडेची फळी कुणी पाहिली आहे का?" हा युक्तिवाद इतका बिनतोड होता की दोघांनी माना डोलावल्या. "शिवाय," ते पुढे म्हणाले, "आपण साडी घेतो तेव्हा साडीचे पैसे देतो. काठाचे वेगळे देतो का?"

इथे खजिनदारांचा अंदाज चुकला. कोपऱ्यातून कार्यकारिणीच्या एकमेव महिला सदस्य म्हणाल्या, "अहो, पैठणीत काठ-पदराचेच तर पैसे असतात! मधलं कापड त्यावर फुकट मिळतं."

सभेत हशा झाला; पण हशा ओसरल्यावर जरा शांतता पसरली, कारण मुद्दा पटला होता. मिस्त्रींनी चार दिवस काम केलं. पन्नास चौरस फूट फळ्या दोन दिवसांत कापून उभ्या झाल्या. उरलेले दोन दिवस गेले ते कडांत. पट्टी कापणं, फेविकॉल लावणं, चुका मारणं, लांबी भरणं, रंधा मारून पट्टी फळीशी एकजीव करणं, पॉलिश कागदानं घासणं. जग पैसे देतं ते क्षेत्रफळाचे, आणि निम्मं काम असतं कडेचं. नर्सबाईंनी रात्री तिसऱ्यांदा उशी सारखी केली, ते औषधांच्या बिलात कुठे असतं? बाईंनी पोराच्या वहीत समासाशेजारी लिहिलेले दोन शब्द कुठल्या पगारात बसतात? घरात स्वयंपाक कुणी केला ते आपण सांगू शकतो. ओटा कुणी पुसला ते सांगू शकतो का? हे सगळे धावते फूट. चौरस फुटाच्या फूटपट्टीला ते दिसतच नाहीत.

एकानं सुचवलं, "आपण तटस्थपणे विचार करून निम्मे देऊ." तटस्थ माणसाची ही एक खासियत असते. तो नेहमी दुसऱ्याच्या पैशांचा मध्य काढतो.

तेवढ्यात गुरुजी उठले. पट्टीच्या विरोधातला पहिला आवाज त्यांचाच, त्यामुळे खजिनदारांचा चेहरा उजळला. गुरुजी म्हणाले, "पट्टी लावावी की न लावावी याबद्दल माझं मत वेगळं होतं, आणि अजूनही थोडं आहे. पण लावा असं आपण सांगितलं आणि त्यांनी लावली. क्षेत्रफळ आणि परिमिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी छत्तीस वर्षं पाचवीच्या वर्गाला शिकवत आलो. एकीच्या दरात दुसरी फुकट मागणं हे गणितात बसत नाही. नीतीत बसत असेल तर कार्यकारिणीनं तसं लिहून द्यावं."

लिहून देण्याची कल्पना कुणालाच आवडली नाही. ठराव मंजूर झाला. मीही हात वर केला; कुणाची तरी कड घेण्याचे प्रसंग मध्यमवर्गीय माणसाला फार येत नाहीत, आणि इथे ती घ्यायला खर्चही सोसायटीचा होता.

गुरुजींचा उरलेला आक्षेप पुतण्यानं आपल्या परीनं मिटवला. मशीनच्या मागच्या दाराच्या आत, दार उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, वीतभर कड त्यानं पट्टीशिवाय ठेवायला सांगितली. मिस्त्रींनी ती घासून नुसतं पारदर्शक पॉलिश दिलं, म्हणजे ओल जाणार नाही आणि थर दिसत राहतील. ज्याला आत काय आहे हे जाणून घ्यायचं त्यानं दार उघडावं आणि मोजावं. गुरुजींनी उघडलं. मोजलं. अकरा. "विषम आहेत," म्हणाले आणि समाधानानं घरी गेले. उरलेल्यांपैकी अजून कुणीही ते दार उघडलेलं नाही. पण उघडता येतं, आणि माझ्या टेबलात आणि त्या कपाटात फरक आहे तो एवढाच. मला वाटतं, तो पुरेसा आहे.

मशीन आता सभागृहात उभं आहे. मुलं संध्याकाळी त्यावर तुटून पडतात. त्यांच्या तोंडी पडद्यावरचा पिवळा गोळा असतो, त्याच्यामागे लागलेली भुतं असतात, कुणाचे किती गुण झाले ते असतं. कडेबद्दल एक अक्षर नाही. आणि ते योग्यच आहे. कड नीट झाली याची खूण हीच, की तिच्याविषयी कुणाला काही म्हणावंसं वाटत नाही. मिस्त्री एकदा त्या रस्त्यानं जाताना आत डोकावले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. खाली वाकून मागच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि निघून गेले.

परवा मी सभागृहात बसलो होतो. दोन-अडीच वर्षांचं एक पोर, बटणांपर्यंत हात पोचत नाही म्हणून भोकाड पसरून होतं. त्याच्या आजीनं त्याला उचलून कडेवर घेतलं. त्याबरोबर ते पुढे झेपावलं, दोन्ही हातांनी दांडी धरली, आणि त्याची उघडी मांडी बटणांच्या फळीच्या कडेवर दाबून टेकली. तसंच ते चांगलं दहा मिनिटं खेळलं. म्हणजे नुसतं दांडी हलवत हसत होतं. खेळ सुरूच नव्हता. आजीच्या एका कडेवर आणि मिस्त्रींच्या दुसऱ्या. खाली उतरवल्यावर मी त्याच्या मांडीकडे पाहिलं. ओरखडासुद्धा नव्हता.